आपले म्हणजे कोणाचे?

स्मरणिकेची पहिली बैठक होती. जाहिराती किती मिळाल्या, मुलांची चित्रं कधीपर्यंत येणार, पाककृतींचं पान यंदा ठेवायचं की नाही, अशी नेहमीची चर्चा झाल्यावर संपादकांची नजर माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही इतकी वर्षं बॉनला राहता. 'बॉनशी नातं असलेल्या थोर व्यक्ती' असं एक पान करून द्या ना. नाव, सन आणि दोन-दोन ओळींची माहिती. आणि जमलं तर आपल्या लोकांची एक वेगळी चौकट."

काम सोपं वाटलं, म्हणून मी हो म्हटलं. ते सोपं नव्हतं हे पुढे कळलं. पान तर बाजूलाच राहिलं, त्याऐवजी हा लेख झाला.

सुरुवात अर्थातच बीथोव्हेनपासून. बॉनमध्ये दुसऱ्या नावाने सुरुवात करणं म्हणजे पंढरपूरच्या यादीत विठोबाला दुसरा नंबर देण्यासारखं. डिसेंबर १७७० मध्ये तो इथे जन्मला. १७९२ च्या नोव्हेंबरात व्हिएन्नाला गेला आणि १८२७ मध्ये तिथेच वारला. मधल्या पस्तीस वर्षांत तो एकदाही गावी परतला नाही. मुळात त्याचे आजोबाही इथले नव्हेत. ते आजच्या बेल्जियममधल्या मेखेलन गावाहून नोकरीसाठी बॉनला आले होते. म्हणजे ज्याला बॉन आपला सर्वांत मोठा सुपुत्र म्हणतं, तो बाहेरून आलेल्या घराण्यातला आणि ऐन तारुण्यात बाहेर गेलेला. आपल्यासारख्या मंडळींना हे वाचून बरं वाटतं. त्याचं जन्मघर पाडलं जाण्याची वेळ आली होती. १८८९ मध्ये बारा नागरिकांनी संस्था काढून ते वाचवलं. चौकातला त्याचा पुतळा १८४५ मध्ये उभा राहिला. अनावरणाला प्रशियाचा राजा होता, इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया होती. पडदा दूर झाला तेव्हा सज्जातल्या या बड्या पाहुण्यांना दिसली ती बीथोव्हेनची पाठ!

मग मार्क्स. हा १८३५-३६ मध्ये बॉन विद्यापीठात कायदा शिकत होता. दारू पिऊन आरडाओरडा केल्याबद्दल विद्यापीठाच्या कोठडीत त्याने एक दिवस काढला, हीही नोंद आहे. नीत्शे १८६४ मध्ये आला आणि वर्षभरात गेला. संगीतकार शूमानने आयुष्याची शेवटची दोन-अडीच वर्षं एन्डेनिशच्या मनोरुग्णालयात काढली आणि १८५६ मध्ये तिथेच प्राण सोडला. तो आणि त्याची पत्नी क्लारा यांची कबर इथल्या जुन्या दफनभूमीत आहे. आडेनाउअर जन्मले कोलनला, राहत ऱ्हाइनपलीकडे र्‍योनडॉर्फला. पण १९४९ पासून चौदा वर्षं चॅन्सेलर म्हणून त्यांनी कारभार हाकला तो बॉनहून, म्हणून तेही बॉनचे. सगळ्यात अलीकडचं नाव अशोक श्रीधरन यांचं. २०१५ मध्ये ते बॉनचे महापौर म्हणून निवडून आले आणि २०२० पर्यंत त्या पदावर होते. वडील केरळचे, आई जर्मन, जन्म बॉनचा. ते निवडून आले तेव्हा आपल्या मंडळातही पेढे वाटण्याची भाषा झाली होती. मला तेव्हाही थोडी गंमत वाटली होती. ज्या माणसाला बॉनच्या मतदारांनी बॉनकर म्हणून निवडून दिलं, त्याच्या विजयात आपला हात कुठे होता? पण आनंद झाला होता हे खरं. रक्ताचं नातं नाही, भाषेचं नाही, तरी झाला.

आता आपली चौकट. ती इतकी सुंदर जमेल असं मला वाटलं नव्हतं. जर्मनीतलं भारतविद्येचं पहिलं अध्यासन बॉनला, १८१८ मध्ये. तिथले प्राध्यापक आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल यांनी १८२३ मध्ये भगवद्गीतेची देवनागरी संहिता लॅटिन भाषांतरासह इथून प्रसिद्ध केली. त्याच परंपरेतले हेर्मान याकोबी १८८९ पासून इथे प्राध्यापक होते. आकाशातल्या नक्षत्रांच्या उल्लेखांवरून वेदांचा काळ ठरवण्याचा त्यांचा लेख १८९३ मध्ये आला. आणि लोकमान्य टिळकांचं 'ओरायन' हे पुस्तकही १८९३ मध्येच आलं. एक बॉनला, एक पुण्याला. दोघांनीही स्वतंत्रपणे काम केलं आणि दोघांचा निष्कर्ष जवळपास सारखा निघाला.

आणि मग चौकटीतलं सगळ्यात मोठं नाव. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत असताना १९२१ मध्ये त्यांनी बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज केला. सोबत स्वतःच्या हाताने जर्मन भाषेत लिहिलेला जीवनपट जोडला. प्रवेश मिळाला. पण वर्गाला हजेरी नाही म्हणून जानेवारी १९२२ मध्ये त्यांचं नाव पटावरून कमी करण्यात आलं. पदवी त्यांनी लंडनची घेतली, 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध लिहून. तरी नाव पटावर होतं ना? मी चौकटीला मथळा दिला, 'आपला अभिमान'.

पुढच्या बैठकीत पान वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. चहा झाला. खुर्च्या आवरताना मंडळातला एक तरुण सभासद जवळ आला. संगणकातली नोकरी, दोन-तीन वर्षांपूर्वीच इकडे आलेला, कार्यक्रमांना मुकाट्याने राबणारा मुलगा.

"ताई, यादी छान झाली. एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"चौकटीवर 'आपला अभिमान' लिहिलंय. आपला म्हणजे कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? मराठी माणसांचा."

तो थोडा थांबला. मग म्हणाला, "तुमच्या लहानपणी तुमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो होता का?"

नव्हता. लोकमान्यांचा होता. दत्ताचा होता. हार घातलेला पणजोबांचा होता.

"आमच्याकडे तेवढाच होता," तो म्हणाला, आणि खुर्च्यांची चळत उचलून निघून गेला.

खरं सांगते, मला राग आला. घरी येईपर्यंत ट्राममध्ये मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होते. मी कधी जात पाळली नाही. आमच्या घरी कोण येतं-जातं हे मी कधी पाहिलं नाही. बाबासाहेबांचं मोठेपण मान्य करते, आदराने नाव घालते, तर यात माझी चूक काय? आपल्यातलं अंतर कमी व्हावं म्हणूनच तर 'आपले' म्हणायचं!

दोन दिवसांनी यादी शेवटची तपासायला बसले आणि एक गोष्ट ध्यानात आली. मी एक नाव गाळलं होतं. कुणी गाळायला सांगितलं नव्हतं, मी गाळतेय हे मलाही जाणवलं नव्हतं. हिटलरचा प्रचारमंत्री योझेफ गोबेल्स १९१७ मध्ये बॉन विद्यापीठात शिकत होता. दोन सत्रं होता. मार्क्सला मी एका वर्षासाठी घेतलं, नीत्शेलाही तेवढ्यासाठीच घेतलं. ज्यांची हजेरीच लागली नाही त्या बाबासाहेबांना घेतलं. मग दोन सत्रं बाकावर बसलेल्या या माणसाला का नाही? शीर्षक 'थोर व्यक्ती' आहे म्हणून, असं स्वतःला सांगता येईल. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. नातं कशाने जुळतं याचा माझा नियमच पक्का नव्हता. मिरवण्यासारखं नाव असलं की धागाभर नातं पुरे, आणि लाज वाटण्यासारखं नाव असलं की दोरखंडही दिसत नाही.

असं करणारी मी पहिली नव्हे. बॉनचं विद्यापीठही यातून गेलं आहे. १९१९ मध्ये त्याने थोमास मान या लेखकाला मानद डॉक्टरेट दिली. डिसेंबर १९३६ मध्ये, नाझी सरकारने त्यांचं नागरिकत्व काढून घेतल्यावर, विद्यापीठाने पदवी रद्द केल्याचं दोन ओळींचं पत्र पाठवलं. मान यांनी नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी त्याला जे उत्तर लिहिलं, ते पुढे जगभर वाचलं गेलं. युद्ध संपल्यावर पदवी परत देण्यात आली. 'आपला', 'आपला नव्हे', पुन्हा 'आपला'. माणूस तोच, पुस्तकं तीच. बदलला तो फक्त म्हणणाऱ्यांचा सोयीचा वारा.

आणि फेलिक्स हाउसडॉर्फ. गणित शिकलेल्यांना हे नाव परकं नसेल. १९१४ मध्ये आलेल्या त्यांच्या संचशास्त्रावरच्या ग्रंथाने आधुनिक गणिताच्या एका मोठ्या शाखेचा पाया घातला. बाबासाहेबांचं नाव पटावर चढलं त्याच १९२१ साली हाउसडॉर्फ दुसऱ्यांदा बॉनला प्राध्यापक म्हणून आले. ते ज्यू होते. इथल्या ज्यूंना एन्डेनिशच्या एका मठात कोंडून तिथून पुढे पूर्वेला पाठवण्यात येत होतं. जानेवारी १९४२ मध्ये हाउसडॉर्फ कुटुंबालाही तिथे हजर होण्याचा हुकूम आला. २६ जानेवारीच्या रात्री त्यांनी, त्यांच्या पत्नीने आणि पत्नीच्या बहिणीने विष घेतलं. ज्या रस्त्यावर त्यांचं घर होतं तो आज हाउसडॉर्फस्ट्रासे म्हणून ओळखला जातो. विद्यापीठातल्या मोठ्या गणित केंद्रालाही त्यांचं नाव आहे.

त्या रस्त्यावरून मी अनेकदा गेले आहे. ज्याला जगू दिलं नाही त्याचं नाव पाटीवर लावायचं, हा मान म्हणायचा की सोय? मला वाटतं, ते पाटीखाली काय सांगितलं जातं त्यावर अवलंबून आहे. 'थोर गणिती, बॉन' एवढंच सांगितलं तर ती चोरी आहे. त्यांचं काय केलं हेही सांगितलं तर त्या नावाची थोडी तरी परतफेड होते.

इथपर्यंत आले आणि मग मात्र त्या मुलाचा प्रश्न टाळता येईना. कारण हाउसडॉर्फचं जे, तेच चौकटीतल्या बाबासाहेबांचं. बॉनला अर्ज करण्याच्या चारच वर्षं आधी, १९१७ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा विद्वान बडोद्याला नोकरीवर रुजू झाला, तेव्हा त्याला राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रांतिगृहात ओळख लपवून राहावं लागलं. ते उघड झाल्यावर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. पुढे मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावर सहकाऱ्यांची हरकत. अशा माणसाचं नाव आपण बॉनच्या सभागृहात टाळ्यांच्या गजरात वाचतो आणि म्हणतो, आपला अभिमान. त्या वेळी त्यांना 'आपलं' म्हणायला कोण तयार होतं?

माझं आजोळ महाडचं. चवदार तळं तिथलं. तरी आजवर मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्या रात्री पुण्याला मावशीला फोन केला. इकडचं-तिकडचं झाल्यावर म्हटलं, "मावशी, सत्तावीस साली बाबासाहेब महाडला आले होते ना, तेव्हा आजोबा कुठे होते गं?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "आज कुठे आठवलं तुला हे?"

"सांग ना."

"सोळा वर्षांचे होते ते. तळं शुद्ध करायचं ठरलं ना नंतर, तेव्हा घागरी उचलायला गावातली पोरं लावली होती. त्यांत होते."

ज्यांना हा इतिहास माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये रावबहादूर बोले यांनी मंजूर करून घेतला होता. महाड नगरपालिकेने त्यानुसार आपलं तळं खुलं केलं होतं, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. नंतर अफवा उठली आणि घरी परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. मग तळ्याचं पाणी बाटलं म्हणून घागरींनी पंचगव्य ओतून त्याचं शुद्धीकरण करण्यात आलं. ज्या तळ्यात गुरंढोरं उतरत, त्याचं.

"पुढे कधी बोलले त्याबद्दल?" मी विचारलं.

"कधीच नाही. अगदी शेवटच्या आजारपणात एकदा मला म्हणाले, सगळ्या घागरी ओतल्या, पण पाणी होतं तसंच होतं गं. मला वाटलं भ्रमात बोलतायत."

आजोबा मला आठवतात ते खाऊ देणारे, सुरात पाढे म्हणवून घेणारे. त्यांच्या मांडीवर बसून मी अक्षरं गिरवली. त्या हातांनीच घागर उचलली होती, हे कळल्यावर त्यांच्यावरची माया काही कमी झाली नाही. पण माझ्या चौकटीचा मथळा मात्र मला वाचवेना.

आता यावर सरळ प्रश्न येतो, आणि तो मी स्वतःलाही विचारला. आजोबांनी केलं, त्यात माझा काय दोष? १९२७ मध्ये माझी आईसुद्धा जन्मली नव्हती. दोष काही पिढीजात नसतो. बापाने चोरी केली म्हणून मुलाला तुरुंगात टाकणारं न्यायालय कुठे नाही आणि नसावं. जातीला, धर्माला, देशाला सरसकट अपराधी ठरवण्याची चाल किती घातकी आहे, हे जर्मनीत राहणाऱ्याला शिकवायला नको. मग अभिमानाचंही तसंच नको का? टिळकांनी 'ओरायन' लिहिलं त्यात माझं कर्तृत्व काय? बॉनच्या आजच्या नागरिकाने बीथोव्हेनची एकही सिंफनी रचलेली नाही. तेव्हा ना अभिमान, ना लाज, ज्याचं त्याच्यापाशी. हिशेब चोख झाला.

पण हा हिशेब आपल्याला खरोखर मान्य आहे का? मान्य असता तर स्मरणिकेत ते पान आलंच नसतं. आपण अभिमान सोडायला तयार नसतो, फक्त लाज सोडायला तयार असतो.

इथे मला माझ्या शेजारीणबाईंची एक गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी त्यांचा भाऊ वारला. मागे एक जुनं घर, त्यावर भरमसाट कर्ज, आणि घरात आईचा पियानो. बाईंना पियानो हवा होता. पण जर्मन कायद्यात वारसा नाकारायचा तर तो कळल्यापासून सहा आठवड्यांत नाकारावा लागतो, आणि नाकारला तर सगळाच. घेतला तर तोही सगळाच, कर्जासकट. पियानो माझा आणि कर्ज त्याचं, असं चालत नाही. आपल्याकडेही वडिलांचं ऋण मुलाने फेडावं हे धर्मशास्त्र शतकानुशतकं सांगत आलं. कायद्यातलं ते बंधन २००५ च्या दुरुस्तीने गेलं, पण पितृऋण हा शब्द आपल्या बोलण्यातून गेलेला नाही.

मला वाटतं, गुन्हा आणि कर्ज यांतला फरकच इथे महत्त्वाचा आहे. गुन्हा वारसाहक्काने येत नाही. कर्ज येतं. कारण कर्जाच्या बदल्यात मिळालेली वस्तू आपण वापरत असतो. माझे आजोबा शाळेत गेले, कारण त्यांना शाळेबाहेर बसावं लागत नव्हतं. ते शिकले म्हणून आई शिकली, आई शिकली म्हणून मी, आणि म्हणून मी आज ऱ्हाइनच्या काठी बसून हे लिहिते आहे. वारसा घ्यायचा की नाही याचा विचार करायला माझ्याकडे सहा आठवडे कधी नव्हतेच. तो मी केव्हाच खर्च केला आहे. खर्च करून झाल्यावर मी वारस नाही असं म्हणणाऱ्याला कोणताही कायदा जुमानणार नाही.

मग कर्ज फेडायचं म्हणजे काय करायचं? थोरांच्या तसबिरी उतरवायच्या का? लोकमान्यांनी १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्याला विरोध केला होता, मुलींचं वय दहावरून बारा करणाऱ्या कायद्याला. म्हणून मी त्यांना चौकटीतून काढू का? मला ते पटत नाही. नाव काढलं की चूकही विसरली जाते. नोंद पुसायची नाही, पुरी करायची. जमेच्या बाजूला जे आहे ते आहेच, नावेचंही त्याच पानावर असावं.

आणि पुरी नोंद केली की एक अनपेक्षित लाभ होतो. ज्यांनी त्याच वेळी, त्याच गावात वेगळं वागून दाखवलं त्यांचीही नावं वर येतात. १९३८ च्या नोव्हेंबरात बॉनमधली ज्यूंची दुकानं फोडली गेली. प्राच्यविद्येचे प्राध्यापक पाउल काले यांच्या पत्नी मारी काले आणि त्यांची मुलं एका ज्यू दुकानदार बाईला दुकान आवरायला मदत करायला गेली. वर्तमानपत्रात जाहीर निंदा झाली, प्राध्यापकांची नोकरी गेली, आणि १९३९ मध्ये सगळं कुटुंब इंग्लंडला पळालं. आज बॉनमध्ये मारी काले यांच्या नावाचा रस्ता आहे. महाडला तळं खुलं करण्यासाठी नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस झटले होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी तिथेच मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, एका ब्राह्मणाने. 'तो काळच तसा होता' असं आपण म्हणतो, ते ही नावं ठाऊक नसतात म्हणून. काळ दोघांचाही तोच होता, माझ्या आजोबांचा आणि सहस्रबुद्ध्यांचाही.

आमच्या शेजारीणबाईंनी शेवटी वारसा घेतला, कर्जासकट. पियानो त्यांच्या दिवाणखान्यात आहे. त्या दर वर्षी ९ नोव्हेंबरला सकाळी एक काम करतात. आमच्या रस्त्यावर पदपथात दोन छोट्या पितळी पट्ट्या बसवलेल्या आहेत, दहा सेंटिमीटर लांब-रुंद. युरोपभर असे दगड आहेत. गुंटर डेम्निग या कलावंताने १९९२ मध्ये कोलनला पहिला बसवला. 'इथे राहत होते', मग नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कुठे मारलं. वाचायचं तर मान खाली घालून वाकावंच लागतं. बाई गुडघ्यांवर बसून ते पितळ घासतात. एका वर्षी मी त्यांना चिंच नेऊन दिली. देवाची भांडी आम्ही याने घासतो म्हटलं. त्यांना फार नवल वाटलं, पण पट्ट्या लख्ख निघाल्या. मी विचारलं होतं, तुम्ही हे का करता? त्या म्हणाल्या, "मी १९५१ साली जन्मले. मी काही केलेलं नाही. पण मी या रस्त्यावर राहते."

या वाक्यापुढे मला अजून काही सुचलेलं नाही.

पुढच्या बैठकीत त्या मुलाला मी बाजूला घेतलं. म्हटलं, "तुझा प्रश्न बरोबर होता. बाबासाहेबांवर तू लिही. तुझा हक्क आहे."

तो हसला. "नको ताई. आमच्याकडून लिहून झालंय सगळं. तुम्हीच लिहा. तुमच्या बाजूने अजून लिहायचं राहिलंय."

म्हणून हा लेख. चौकट आता आहे, पण मथळा बदलला आहे. 'बॉनशी नातं असलेली आपली माणसं' असं केलं आहे. त्यातल्या 'आपली' या शब्दावर मी बराच वेळ अडले होते. खोडला, पुन्हा लिहिला. शेवटी ठेवला, पण हक्क म्हणून नव्हे. काही नाती सांगण्यासाठी असतात आणि काही निभावण्यासाठी. बाबासाहेबांना आपलं म्हणायचं तर चवदार तळ्याच्या दोन्ही काठांवरची माणसं आपली म्हणावी लागतात, ओंजळ भरणारी आणि घागर ओतणारीही.

त्यांच्या नावापुढे मी बॉन विद्यापीठाचं साल लिहिलं आहे आणि त्याखाली महाडचं. गोबेल्सचं नाव यादीच्या शेवटी आहे, एका ओळीत. थोर म्हणून नव्हे, म्हणून पानाचं शीर्षकही बदलावं लागलं. संपादकांनी विचारलं, "ताई, हे सणासुदीच्या अंकात बरं दिसेल का?" मी म्हटलं, बघा, तुम्हाला पटलं तर छापा.

अंक तुमच्या हातात आहे. म्हणजे पटलं असावं.